आमच्या वावरावरून जाणारी रेघ

अक्षांश तर नकाशात छापलेलेच असतात, ते काढायचे कायले? हा प्रश्न मला उभ्या नोकरीत एवढ्या जणांनी विचारला की पुढं पुढं मी उत्तर द्यायचंच सोडून दिलं. मला पाहायला आलेल्या काही मंडळींनी तर माझ्या मायला स्वयंपाकघरात गाठून विचारलं होतं, "पोरगी सरकारी नोकरीत हाये म्हनता, पन करते काय?" मायनं सांगितलं, पोरगी रेघा मारते. ते लोक पोहे खाऊन गेले आणि नंतर निरोपही आला नाही. मायचं काही चुकलं नव्हतं म्हणा. मी रेघाच मारत होते.

मी मूळची मारेगाव तालुक्यातली. गणितात एम.एस्सी. केलं, प्रोग्रामिंग शिकले आणि दोन-तीन शहरं फिरून परत यवतमाळला आले. ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा दिल्लीच्या पेपरात यायचं, आणि ते का यायचं हे मी इथं पुन्हा सांगत बसत नाही. त्या गडबडीत ज्या काही योजना आल्या, त्यातच एक हवामान सल्ला कक्ष यवतमाळला उघडला. दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर, एक कूलर. प्रमुख इंगळे सर, आणि प्रोग्रामर म्हणजे मी. काम एवढंच की दूरच्या शहरातल्या मोठ्या संगणकावर साऱ्या पृथ्वीच्या पावसाचा अंदाज निघायचा, त्याचे आकडे रोज आमच्याकडे यायचे, आणि त्यातून आम्ही तालुक्या-तालुक्याचा पाऊस काढून द्यायचा. पेरावं की थांबावं, फवारावं की नाही, हे त्यावर ठरायचं. म्हणजे ठरावं अशी सरकारची इच्छा होती.

आता रेघांचं सांगते. मोठा संगणक पृथ्वीच्या प्रत्येक इंचाचा पाऊस काढत नाही, त्याची तेवढी ऐपत नसते. तो उत्तर ध्रुवापासून दक्षिण ध्रुवापर्यंत ठरावीक आडव्या रेघा घेतो आणि त्या रेघांवरचेच आकडे काढतो. आणि या रेघा नकाशातल्यासारख्या वीस, तीस, चाळीस अशा गोल आकड्यांवर नसतात. दोनशे वर्षांपूर्वीच्या गणितानं दाखवून ठेवलंय की सारख्या अंतरावर रेघा मारण्यापेक्षा काही खास जागी मारल्या, तर तेवढ्याच रेघांत साऱ्या पृथ्वीची बेरीज कितीतरी अचूक येते. त्या जागा सूत्रात आकडा टाकला आणि निघाल्या अशा निघत नाहीत. आधी अंदाज घ्यायचा, मग तो सरकवत सरकवत खऱ्या जागी न्यायचा. अंधारात पायानं पायरी चाचपावी तसं. शिवाय प्रत्येक रेघेला तिचं वजन द्यायचं. विषुववृत्ताजवळची रेघ लांबलचक, ती जास्त जमिनीचं बोलते, तिचं वजन जास्त. ध्रुवाजवळची आखूड, तिचं कमी.

हे मी सगळ्यात चांगलं समजावलं ते दिग्रसच्या एका जिनिंगवाल्या शेठला. शेठ आमचं ठरलेलं गिऱ्हाईक. त्याच्या आवारात कापसाच्या गंज्या उघड्यावर पडलेल्या असायच्या आणि अवकाळीचा ढग दिसला रे दिसला की त्याचा फोन. 'शायद' हा शब्द त्याला चालायचा नाही. एकदा तो कक्षातच येऊन बसला. साऱ्या दुनियेचा पाऊस तुम्ही चार रेघांवरून कसा सांगता, असं त्याचं म्हणणं. मी विचारलं, शेठजी, कापसानं भरलेली बैलबंडी आली की तुमचा माणूस काय करतो? सगळी बंडी उपसून पाहतो? तो म्हणाला, नाही, दोन-तीन जागी कोपरापर्यंत हात घालतो. वरचा कापूस तर दाखवायचाच असतो, तो कोन पाहते. मी म्हटलं, आणि मधल्या मुठीला जास्त धरतो की कडेच्या?

"म्हणजे हात कुठं घालायचा ते तुम्ही शोधून राह्यले," शेठ म्हणाला. "आन कोन्या मुठीवर किती भरोसा ठेवाचा ते."

माझ्या प्राध्यापकांनासुद्धा हे इतक्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं. शेठनं मात्र जाताना विचारलंच, मग उद्या ताडपत्री टाकू की नको.

या सगळ्या वजनांची बेरीज बरोब्बर दोन यावी लागते. दक्षिण ध्रुवाला उणे एक धरायचं, उत्तर ध्रुवाला अधिक एक, मधलं अंतर दोन, म्हणून दोन. रेघा कितीही घ्या, बेरीज दोनच. आमच्या धंद्यातली ही पहिली परीक्षा. ज्या बाईंनी मला हे काम शिकवलं, त्या एक गोष्ट वारंवार बजावायच्या. बेरीज जुळवायची नाही, जुळते का ते पाहायचं. तेव्हा मला वाटायचं, हे काय सांगण्यासारखं आहे का!

आमचं पत्रक रोज सकाळी निघायचं. पेपरात यायचं, तालुक्याला फॅक्सनं जायचं, आणि काही गावांत लोक फोनवर विचारून फळ्यावर लिहायचे. आमच्या गावात हे काम माझा मोठा भाऊ करायचा. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवर काळा फळा आहे. त्यावर एरवी पौर्णिमेचा कार्यक्रम, नाहीतर दहावीत पास झालेल्यांची नावं असायची. भाऊनं त्यावर हवामान लिहायला सुरुवात केली. अक्षर त्याचं देखणं, आणि खाली 'यवतमाळ कक्षाकडून' असं लिहायचा. कक्ष म्हणजे मी, हे वस्तीला माहीत होतं. गावातले बाकीचे लोक आपापल्या अंदाजानं पेरायचे, आमची वस्ती मात्र फळा पाहून. मला याचा अभिमान होता आणि धास्तीही.

त्या वर्षी दुकानात सरकीच्या थैल्या मिळत नव्हत्या. रांगा लागायच्या, पोलीस उभे राहायचे. ज्याला मिळाली त्यानं जपून ठेवलेली. म्हणजे पेरणी एकदाच. पेरलं आणि पावसानं दडी मारली, तर दुसरी थैली कुठून आणणार? दरवर्षी दुबार पेरणीची भीती असते, त्या वर्षी दुबारची सोयच नव्हती. मृगाचा पहिला शिडकावा होऊन गेलेला. जमीन वरून ओली, आत कोरडी. सगळा जिल्हा हातात थैली घेऊन आभाळाकडं पाहत होता.

आणि आमचं पत्रक म्हणालं, येत्या आठवड्यात जिल्ह्यात सर्वत्र चांगला पाऊस, पेरणीस अनुकूल.

त्या सकाळी पत्रक गेल्यावर मी सहज तालुक्यांचे आकडे उत्तर-दक्षिण अशा क्रमानं लावून पाहिले. नेर, दारव्हा, दिग्रस, पुसद, खाली उमरखेड. पाऊस शिस्तीत कमी-कमी होत गेलेला. आदल्या दिवशीचे आकडे काढले, तेही तसेच. त्याच्या आदल्या दिवशीचेही. वाढत असला तर सारखा वाढत, घटत असला तर सारखा घटत, मध्ये कुठं उंचवटा नाही की खड्डा नाही. पाऊस असा प्रार्थनेच्या रांगेत उभा राहत नाही. असं सरळ उतारासारखं चित्र तेव्हाच येतं, जेव्हा लांबच्या दोन रेघांचे आकडे घेऊन मधलं सगळं आपण अंदाजानं भरलेलं असतं. पण आमच्या जिल्ह्यावरून तर एक रेघ जायला हवी होती.

मी सगळ्या रेघांचे अक्षांश छापून काढले आणि एकीतून दुसरी वजा करत गेले. सगळीकडं अंतर जवळजवळ सारखं. फक्त एका जागी दुप्पट, आणि लगेच पुढं शून्य. दोन ओळींवर एकच आकडा होता. एक रेघ अमरावतीच्या वरून जात होती, पुढची नांदेडच्या खालून, आणि त्यापुढची पुन्हा तिथूनच. मधली, आमच्यावरून जाणारी, नव्हतीच.

झालं होतं असं. मोठ्या संगणकानं त्या उन्हाळ्यात रेघा वाढवल्या. त्याच्या स्वतःच्या रेघा ठीक होत्या, पण ते नुसते आकडे पाठवायचे, कोणता आकडा कोणत्या अक्षांशाचा हे आमचा प्रोग्राम स्वतः काढायचा. आमचा प्रोग्राम जुना, थोड्या रेघांसाठी लिहिलेला. नव्या संख्येला त्याचा पहिला अंदाज एका ठिकाणी दोन खऱ्या रेघांच्या बरोबर मधे पडत होता, आणि तिथून तो सरकायचा ते शेजारणीच्या घरात. आमच्या रेघेचे आकडे रोज येत होते, पण त्यांच्यावर नाव नांदेडच्या रेघेचं. एकाच नावाच्या दोन रेघा आल्या की प्रोग्राम खालचीच धरायचा, त्यामुळं आमचे आकडे कोणी वाचतच नव्हतं.

पण मग बेरीज दोन कशी येत होती? हे मला कळेना. एक रेघ दोनदा आणि एक गायब, म्हणजे बेरजेत थोडा तरी फरक पडायलाच हवा. मी प्रोग्राम वरून खाली वाचत गेले आणि शेवटी ती ओळ सापडली. सगळ्या वजनांना त्यांच्याच बेरजेनं भागायचं आणि दोननं गुणायचं. अशी ओळ लिहिली की बेरीज दोन येतेच, आत काहीही सडलेलं असो. बंडीवर चांगला कापूस पसरण्यातलाच प्रकार.

मी इंगळे सरांकडं गेले. सर मूळचे पुसदकडचे, शांत माणूस, आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. ती ओळ त्यांनी पडद्यावर बोट ठेवून वाचली.

"ही माझी ओळ आहे," ते म्हणाले. "रेघा वाढवल्या तेव्हा बेरीज पाचव्या घरात चुकत होती. मला वाटलं, मशीनची बारीक चूक असेल."

असं कोणालाही वाटलं असतं. आमच्या धंद्यात पाचव्या घरातली चूक म्हणजे भाजीवाल्यानं वरून टाकलेली कोथिंबीर, कोणी मोजत नाही. मी पहिला अंदाज दुरुस्त करून प्रोग्राम पुन्हा चालवला. आमची रेघ परत आली, आणि तिच्यावर पाऊस नव्हता. अमरावतीच्या वर होता, नांदेडच्या खाली होता. मधे आमच्यावर आठवडाभर कोरडं.

तेवढ्यात भाऊचा फोन आला. फळा लिहून झाला होता. वस्तीतले लोक विहारासमोर जमले होते, बैल जुंपायचे का म्हणून विचारत होते.

"वंदे, पेर म्हनते तुहं पत्रक," तो म्हणाला. "उद्या सकायी पेरून राह्यलो आम्ही सारे. पक्कं हाये ना?"

मी म्हटलं, भाऊ, पुसून टाक. थांबा असं लिही. तो म्हणाला, काहून? मी म्हटलं, चूक झालती, आता सापडली. पलीकडून बैलांच्या गळ्यातल्या घाटीचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, पुसतो.

ही माझ्या घरापुरती दुरुस्ती झाली. जिल्ह्याचं काय? पत्रक मागं घेणं म्हणजे कक्षानं ऐन पेरणीच्या हंगामात आपल्या हातानं आपलं तोंड काळं करणं. सरांना हे माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, कारण वर उत्तर त्यांना द्यायचं होतं, आणि ओळही त्यांचीच होती. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. नवा आकडा चुकला तर? मी म्हटलं, चुकू शकतो सर, पण तो आपल्या रेघेचा आकडा आहे. सरांनी चष्मा पुसला आणि फोन हातात घेतला. संध्याकाळपर्यंत ते स्वतः तालुक्या-तालुक्याला फोन करत होते. प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य. सकाळचं पत्रक चुकीचं होतं, पेरणी थांबवा, चूक माझी आहे. समोरून काय ऐकावं लागत होतं ते त्यांच्या लाल झालेल्या कानाच्या पाळीवरून कळत होतं. त्या माणसाविषयी मला त्या दिवशी जेवढा आदर वाटला, तेवढा पुढं कोणत्याच साहेबाविषयी वाटला नाही.

आठवडा गेला. दिग्रस, पुसद, खाली फुलसावंगीपर्यंत धुळीचे लोट उठले. ज्यांनी सकाळचं पत्रक ऐकून घाईनं पेरलं त्यांची सरकी जमिनीतच भाजली, आणि जे थांबले त्यांची थैली वाचली. फुलसावंगीहून चार माणसं एसटीनं कक्षात आली, आंब्यांची पिशवी ठेवून गेली. सरांनी एकही आंबा खाल्ला नाही. शिपायाला दिले सगळे.

आणि त्याच आठवड्यात मारेगावला पाऊस आला. सगळ्या तालुक्यात नव्हे, आमच्या चार-पाच गावांवर. पूर्वेकडून ढग चढला आणि दोन दिवस लागोपाठ चांगला बरसला. गावातल्या ज्या लोकांनी फळा कधी पाहिला नव्हता, त्यांचं पीक तासानं, ओळीच्या ओळी, उगवलं. आमची वस्ती तेवढी थैल्या घरात ठेवून बसलेली. त्यांनी पुढच्या पावसावर पेरलं, तोवर बरेच दिवस गेले होते.

मी त्यानंतर थेट दिवाळीत गावी गेले. जायची हिंमत होत नव्हती, खरं सांगते. रस्त्याच्या एका बाजूला गावातल्यांच्या वावरात वेचणी चालली होती, बाया ओटीत कापूस भरत होत्या. दुसऱ्या बाजूला आमच्या वस्तीच्या पऱ्हाट्या, हिरव्यागार, बोंडं घट्ट मिटलेली. त्या वर्षी वस्तीत कापूस उशिरा निघाला आणि कमी निघाला. कोणी उपाशी राहिलं नाही, पण लग्नं पुढं गेली, आणि एका पोराचं नागपूरचं शिक्षण वर्षभर लांबलं. विहारासमोर मला पाहून एक म्हातारे काका म्हणाले, आली का रेघवाली. हसत म्हणाले. मी फळ्याकडं वळले.

फळ्यावर त्या दिवसाचं हवामान लिहिलेलं होतं. भाऊनं एक दिवसही खाडा केला नव्हता.

रात्री जेवताना मी त्याला सगळं सांगितलं. रेघ कशी हरवली, कशी सापडली, सापडलेली रेघ खरी होती, बाकी जिल्ह्यात तसंच झालं. वयनी वाढायची थांबून ऐकत होती. भाऊ भाकरी मोडत म्हणाला, "तुही रेघ बराबरच होती. आपलं वावर तिच्यावर नव्हतं."

मी म्हटलं, रेघ आपल्या गावापासून बरीच वर जाते. दोन रेघांच्या मधे एवढी जागा सुटते की एखादा ढग येऊन बरसून गेला तरी रेघेला पत्ता लागत नाही. तो म्हणाला, मंग आपल्या वावरातून ने ना एखादी. मी हसून म्हटलं, तशी नेता येत नाही भाऊ, त्यांच्या जागा गणितानं ठरतात, आपल्याला फक्त संख्या वाढवता येते.

"मंग वाढव," तो म्हणाला आणि वयनीला वरण मागितलं.

पुढं माझी बदली मोठ्या संगणकाच्याच शहरात झाली, आणि मी उरलेली सगळी नोकरी तेच केलं. रेघा वाढवल्या. मी एकटीनं नव्हे, आम्ही पुष्कळ जण होतो. दर वेळी संख्या वाढली की सगळ्या रेघा जागा बदलायच्या, मी त्यांच्यातलं अंतर काढून पाहायची, कुठं शून्य तर नाही ना. बेरीज दोन येते का पाहायची, जुळवायची नाही. नवीन पोरं वैतागायची, मॅडम, तयार प्रोग्रामची लायब्ररी आहे, ती चुकत नाही. मी म्हणायची, नसेल चुकत, पाहायला काय जातं? आणि नवी यादी आली की सगळ्यात आधी मी एकच गोष्ट पाहायची, मारेगावच्या जवळून कोण जातं. कधी वरून, कधी खालून. जवळ जवळ येत होत्या, पण शिवारात काही शिरत नव्हत्या.

निवृत्तीच्या आधी शेवटची यादी काढली त्यात एक रेघ शिरली. आकडा नकाशावर टाकला तर बरोबर भाऊच्या वावरातून, विहिरीच्या थोडं खालून. मी लगेच त्याला फोन केला. या गोष्टीला इतकी वर्षं झालेली की तो विसरला असेल असं वाटलं होतं. त्यानं एवढंच विचारलं, विहिरीपासून किती खाली? मी म्हटलं, असेल एखाद्या दोरीभर. मग त्यानं पावसाचं विचारलं, ते मी सांगितलं, आणि फोन ठेवला.

निवृत्त होऊन त्या हिवाळ्यात गावी गेले. भाऊ आता थकलाय, काठी घेऊन चालतो, तरी मला वावरात घेऊन गेला. आमच्याकडं कापसाच्या काही ओळींनंतर एक तास, म्हणजे एक ओळ, तुरीचं टाकतात, सगळी तासं एका दिशेनं, धुऱ्याला, म्हणजे बांधाला, धरून. विहिरीच्या खाली मात्र तुरीचं एक तास सगळ्या तासांना छेदून आडवं गेलेलं. पूर्व-पश्चिम, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत. तण काढताना बैलांच्या डवरणीला किती अडचण झाली असेल! शेंगा भरल्या होत्या.

मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "त्या साली नव्हती. आता आली तं वस्तीले दिसली पाहिजे ना."

मी त्या तासाच्या कडेकडेनं एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत चालत गेले आणि परत आले. तोवर भाऊ विहिरीच्या काठावर बसून होता. मग आम्ही घरी आलो, कारण फळा लिहायचा राहिला होता.